नळी अजून कशासाठी आहे?

श्रावणातली गोष्ट. सकाळी साडेसहाला फोन वाजला. मागच्या गल्लीतली सून बोलत होती. "सिस्टर, आत्याबाईंची पिशवी जांभळी झालीय. रातीत काय झालं कळंना. जरा येऊन जाता का?"

चहा तसाच ओट्यावर ठेवून मी निघाले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी आमच्या भागात मी सगळ्यांची सिस्टरच आहे. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सतरा पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. त्यामुळे कराडात आमच्या आजूबाजूला कुणाच्या घरी लघवीची नळी लावलेला पेशंट आला, की आज ना उद्या मला हाक येतेच. बोलावलं नाही तरी कानावर आलं की मी स्वतःहून जाऊन येते. का, ते पुढे सांगते.

आजी खाटेवर उताण्या पडल्या होत्या. युरोबॅग, म्हणजे नळीतून येणारी लघवी साठायची पिशवी, खरोखरच जांभळी झाली होती, पिकल्या जांभळाचा रस आत ओतावा तशी. नळीचा पिशवीकडचा भागही जांभळट. सुनेला वाटत होतं रक्त आहे. शेजारणीनं अंगारा लावायला सांगितला होता, तो आजींच्या कपाळावर दिसत होता. मी आजींच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ओटीपोट दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. आजी स्वच्छ बोलत होत्या, मला नावानं ओळखलं, "चहा घेतलास का गं?" विचारलं. मग माझा जीव थोडा खाली बसला.

हा जांभळा रंग मी सगळ्या नोकरीत चारेक वेळा पाहिला असेल. वैद्यकीय मासिकांत तो १९७८ सालापासून नोंदलेला आहे. आपल्या जेवणातल्या प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक असतो. पोट साफ होत नसलं की आतड्यातले जंतू त्याच्यावर जास्त वेळ काम करतात, त्यातून तयार झालेला पदार्थ यकृतातून पुढे लघवीत उतरतो, आणि नळीत-पिशवीत घर करून बसलेले काही जंतू त्याचे दोन रंग करतात, एक निळा आणि एक तांबडा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन्ही मिसळले की जांभळा दिसतो. रंगानं पेशंटला काही होत नाही. म्हाताऱ्या बायका, बद्धकोष्ठ आणि बरेच दिवस ठेवलेली नळी, हे तिन्ही जमून आलं की हे दिसतं. आजींना चार दिवस शौचाला झालेलं नव्हतं, ते सुनेनं विचारल्यावर सांगितलं.

रंगाची भीती गेली. पण मी विचारलं, "नळी कधी घातली?"

कुणालाच तारीख आठवेना. मग सण मोजले. आजी परड्यात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं ते वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात. नळी ऑपरेशनच्या दिवशीच घातलेली. आणि आता नागपंचमी होऊन गेलेली. म्हणजे नऊ आठवडे. पिवळी साधी लॅटेक्सची नळी, टोकाला नारिंगी खूण, म्हणजे १६ नंबर. तीच नळी, नऊ आठवडे. डिस्चार्ज कार्ड मागवून घेतलं. त्यावर टाके कधी काढायचे लिहिलं होतं, कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या होत्या, वॉकर लिहिला होता. नळीबद्दल एक अक्षर नाही.

"कुणी सांगितलंच न्हाई काढायची," मुलगा म्हणाला. त्याचा दोष नव्हता. त्याला वाटलं, डॉक्टरांनी ठेवलीय म्हणजे लागत असेल.

मला सगळ्यांना जे सांगायचं आहे ते एवढंच: घरात किंवा दवाखान्यात कुणाला लघवीची नळी असेल, तर रोज सकाळी विचारा, ही नळी आज कशासाठी आहे? उत्तर देता आलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. लघवीचा संसर्ग टाळायचे बाकीचे सगळे उपाय याच्या नंतरचे.

असं का, तर आधी नळी आत कशी राहते ते समजून घ्या. हिला फोलीची नळी म्हणतात, फ्रेडरिक फोली या अमेरिकन सर्जनच्या नावावरून. १९३० च्या दशकात त्यांनी नळीच्या टोकाला फुगा लावला. नळी मूत्राशयात गेली, लघवी येताना दिसली, की बाहेरच्या तोंडातून साधारण १० मिली शुद्ध केलेलं पाणी सोडायचं. आत फुगा फुगतो आणि नळी निसटत नाही. फार उपयोगाची वस्तू आहे. तुंबलेल्या लघवीनं तळमळणारा माणूस नळी घातल्यावर मिनिटभरात कसा शांत होतो, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. हात जोडतात माणसं.

पण निरोगी माणसाची लघवीची वाट दर वेळी आतून धुतली जाते. लघवी जोरात येते, वाटेतले जंतू घेऊन बाहेर पडते, मग दार बंद होतं. नळी घातली की ते दार कायमचं उघडं राहतं. फुग्याच्या खाली थोडी लघवी सतत साचून राहते. नळीच्या बाहेरच्या बाजूनं, त्वचेवरून, जंतू वर चढतात. आतल्या बाजूनं, पिशवीतून नळीत, नळीतून वर, असेही चढतात. आणि एकदा प्लॅस्टिकला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर करून बसतात. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला आतून जसं शेवाळ धरतं तसं. त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. नळी आत असेल त्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. महिनाभर ठेवली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. कितीही स्वच्छता ठेवा, सापडतातच. मोठं ऑपरेशन झालं तरी दुसरं काही कारण नसेल तर नळी शक्यतो चोवीस तासांत निघावी असं म्हणतात, ते यासाठी.

आता माझी चूक सांगते.

नव्वदच्या दशकात मी एका वॉर्डात होते. पस्तीस खाटा, रात्रपाळीला दोन सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. दर सहा तासांनी प्रत्येक पेशंटची लघवी मोजून तक्त्यावर लिहायची. मोजायला एकच प्लॅस्टिकचा जग होता, लिटरच्या खुणा असलेला. मामा एका टोकापासून सुरू करायचे. पिशवीची तोटी जगात सोडायची, आकडा सांगायचा, बादलीत ओतायची, पुढची खाट. हातमोजे तेच, जग तोच. मी टेबलाशी बसून आकडे लिहून घ्यायची. दोनशे, साडेतीनशे, चारशे. एका पावसाळ्यात आठवडाभरात एका ओळीतल्या पाच पेशंटना ताप आला. पाचही जण नळीवाले. पाचांच्या कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, एकच जंतू, औषधांना दाद न देण्याचा नमुनाही एकच. आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या, मुकाट्यानं एक फेरी पाहिली आणि जगाकडे बोट दाखवलं. त्या पाचांतले एक आजोबा गेले. हर्नियाच्या ऑपरेशनला आले होते. त्यांचा मुलगा जाताना माझे आभार मानून गेला. ते आभार मला अजून टोचतात.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक खाटेखाली वेगळा डबा आला, खाटेचा नंबर रंगवलेला. दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायचे, अपवाद नाही. तोटी डब्याला टेकू द्यायची नाही. एवढ्यानंच ते थांबलं.

घरी एकच पेशंट असतो, म्हणून लोकांना वाटतं तिथे हे लागू नाही. लागू आहे. पिशवी रिकामी करायच्या आधी साबणानं हात, नंतर पुन्हा साबणानं हात. पिशवीसाठी एक वेगळा डबा, तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, धुवून उन्हात पालथा घालायचा. तोटी उघडायची, लघवी पडू द्यायची, तोटीचं तोंड डब्याला, बोटाला, फरशीला लागता कामा नये. चुकून लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. पिशवी पूर्ण भरायची वाट बघायची नाही. दोन तृतीयांश झाली की रिकामी करा, कारण भरलेल्या पिशवीच्या वजनानं नळी ओढली जाते आणि आत जखम होते.

आणि नळी व पिशवी जिथे जोडलेली असते तो सांधा उघडायचा नाही. हे मी हात जोडून सांगते. पूर्वी नळीचं टोक उघड्या बाटलीत सोडलेलं असायचं, तेव्हा चार दिवसांत जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या लघवीत जंतू व्हायचे. १९६६ साली कुनिन आणि मॅकॉर्मॅक या दोघा संशोधकांनी दाखवून दिलं, की नळीपासून पिशवीपर्यंतचा मार्ग बंद ठेवला तर हे बरंच लांबवता येतं. आज आपण वापरतो ती बंद पिशवी त्या विचारातून आलेली. आंघोळीला अडचण होते म्हणून सांधा सोडून नळीला रबर बांधणारी घरं मी पाहिलीत. आंघोळ पिशवीसकट करता येते. पिशवी बादलीच्या शेजारी खाली लटकवा, पाणी लागलं तर लागू दे.

वडिलांबद्दल लिहायचं की नाही, यावर मी बरेच दिवस विचार केला. लिहिते.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कृष्णाकाठच्या गावी राहायचे. प्रोस्टेटचा त्रास होताच, पण चाललं होतं. थंडीत सर्दी झाली, दुकानातून आणून सर्दीच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि लघवी तुंबली. सर्दीच्या काही गोळ्यांनी असं होऊ शकतं, हे म्हाताऱ्या पुरुषांच्या घरी सगळ्यांना माहीत असायला हवं. भावानं जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी नळी घातली, ते योग्यच केलं. "आठ दिवसांनी दाखवा" म्हणून घरी सोडलं. पिशवीबद्दल काय सांगितलं? काहीही नाही. मी तेव्हा ड्युटीवर, सुट्टी मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी गावी पोचले. अण्णा जीपमधून तालुक्याला जाऊन नुकतेच आले होते. पायरीवर बसलेले, अंगावर शाल. मी विचारलं, "अण्णा, पिशवी कुठाय?" त्यांनी मान खाली घातली. पिशवी मांडीवर होती, शालीखाली, पोटाशी धरलेली. निम्म्याहून जास्त भरलेली. बत्तीस किलोमीटर तशीच धरून आले होते. जीपमध्ये गावातल्या बायका होत्या. लघवीची पिशवी चारचौघांत लोंबताना कशी दिसू द्यायची? ज्या माणसानं आयुष्यात धोतराचा सोगा कधी अस्ताव्यस्त होऊ दिला नाही, त्यानं ती शालीखाली घेतली.

पिशवी मूत्राशयाच्या वर गेली, की नळीतली साचलेली लघवी उलटी आत जाते. पिशवीला उलट न जाऊ देणारी झडप असते, पण झडपेच्या अलीकडे, नळीत, जे साचलेलं असतं त्याचं काय? ते सरळ आत. त्या रात्री अण्णांना हुडहुडी भरली. तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. पहाटेपर्यंत ते मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारायला लागले. नऊ दिवस दवाखान्यात होते. वाचले, पण त्यानंतर मळ्यापर्यंत चालत कधी गेले नाहीत.

ताप पिशवी वर धरल्यानंच आला की आधीच आत काही होतं, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण मी सतरा वर्षं वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना सांगत आले होते, "पिशवी खाली ठेवा." का वर जाते, ते मला कधी कळलंच नव्हतं. मला ते निष्काळजीपण वाटायचं. ती लाज असते. एसटीत, रिक्षात, लग्नाच्या मांडवात, घरी पाहुणे आल्यावर, माणूस पिशवी पोटाशी धरतो, कारण त्याला ती झाकायची असते.

तेव्हापासून मी पिशवीला पिशवी शिवते. जुन्या सुती साडीचा तुकडा घ्यायचा, युरोबॅगपेक्षा चार बोटं रुंद, खाली तोटीपुरती फट, वर दोन लांब बंद. हे बंद खाटेच्या पट्टीला, खुर्चीच्या पायाला, वॉकरच्या खालच्या दांडीला बांधता येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भाजीची पिशवी आहे. जमिनीला मात्र टेकू द्यायची नाही, वीतभर वर राहिली पाहिजे. आजवर साठ-सत्तर तरी शिवून दिल्या असतील. आमच्या शिंपीणबाई आता कापडाचे उरलेले तुकडे माझ्यासाठी बाजूला ठेवतात.

दवाखान्यातही एक क्षण असा असतो. पेशंटला खाटेवरून स्ट्रेचरवर घेताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवतात, सोनोग्राफीला जाऊन येईपर्यंत ती तिथेच. नातेवाइकांनो, तेवढ्यापुरतं जरा धीट व्हा. हलवायच्या आधी पिशवी रिकामी करायला सांगा आणि स्ट्रेचरच्या बाजूला खाली अडकवा.

नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधलेली हवी, थोडा सैलपणा ठेवून, म्हणजे कूस बदलताना हिसका बसत नाही. नळी कुठे दुमडली नाही, पेशंटच्या अंगाखाली दबली नाही, हे दर खेपेला बघा. स्वच्छतेला साधा साबण आणि पाणी, रोज आंघोळीच्या वेळी आणि शौचानंतर. बायकांमध्ये पुढून मागे पुसायचं. पुरुषांमध्ये पुढची कातडी मागे घेऊन धुवायचं आणि ती परत पुढे आणायची. हे विसरल्यामुळे सूज येऊन रात्री दोन वाजता आलेले पेशंट मी पाहिलेत. पावडर नको, जंतुनाशक औषधं चोळायला नकोत. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा दिवसातून दोनदा बीटाडीननं पुसायचो, पिशवीत औषध टाकायचो, रोज नळीतून पाणी मारून मूत्राशय धुवायचो, नळी काढायच्या आधी दोन दिवस चिमटा लावून ठेवायचो. मनापासून करायचो ते. पुढे अभ्यासांतून कळलं, की यानं संसर्ग कमी होत नाही, उलट दर वेळी बंद मार्ग उघडला जातो. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना हातात आल्या तेव्हा मी त्या वॉर्डातल्या फळ्यावर मराठीत लिहून काढल्या होत्या. जुन्या सिस्टरना ते पटायला वेळ लागला. मलाही लागला.

पाणी भरपूर हवं, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलं नसेल तर. धण्या-जिऱ्याचं पाणी द्या, ताक द्या, साधं पाणी द्या. उपयोग होतो तो पाण्याचाच. आणि पोट साफ ठेवा. भरलेलं आतडं नळीवर दाबतं, मग नळीच्या बाजूनं लघवी गळते आणि लोक म्हणतात, मोठ्या नंबरची घाला. मोठी घालू नका. इसबगोल द्या.

आता एक गोष्ट, जिच्यावरून माझे घरोघरी वाद होतात. लघवी गढूळ दिसते, वास येतो, म्हणून लगेच अँटिबायोटिक सुरू करतात. नळी बरेच दिवस असेल तर लघवीत जंतू असणारच, तपासली की अहवालात येणारच. पण पेशंटला ताप नाही, थंडी नाही, पोटात किंवा पाठीत दुखत नाही, तो नेहमीसारखा बोलतोय, तर तो आजारी नाही. गरोदर बाई असेल किंवा लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन करायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी दिलेल्या गोळ्यांनी साधे जंतू मरतात आणि निबर उरतात. मग जेव्हा खरोखर ताप येतो तेव्हा कल्चरचा कागद हातात पडतो. औषधांची नावं एकाखाली एक, आणि समोर आर, आर, आर. आर म्हणजे या औषधाला जंतू दाद देत नाही. एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या कागदावर वरपासून खालपर्यंत सगळे आर मी वाचलेत. त्याची आई विचारत होती, "सिस्टर, चांगला हाय न्हवं रिपोट?"

कल्चर द्यायचीच वेळ आली, तर पिशवीतली लघवी भरून नेऊ नका. तिच्यात तासन् तास जंतू वाढलेले असतात. नळीवर नमुना घ्यायची जागा असते, तिथून सुईनं घेतात. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदलून नव्या नळीतून नमुना घेतात, म्हणजे जुन्या नळीवरच्या थराचे जंतू नाही, तर आतले जंतू कळतात. हे लॅबमध्ये ठणकावून विचारा.

आणि धावायचं कधी? थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत दुखणं, म्हातारं माणूस एकाएकी बरळायला लागणं, लघवीत रक्त, किंवा तीन-चार तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगलेलं. अशा वेळी नळी कुठे दुमडली नाही ना बघा आणि निघा. सकाळची वाट बघू नका.

ज्यांना नळी लागतेच त्यांच्याबद्दलही सांगायला हवं. आमच्या ओळखीतला एक मुलगा आंब्याच्या झाडावरून पडला, कंबरेखालचं अंग गेलं. दोन वर्षं कायमची नळी होती, वर्षातून चार-पाच वेळा तापानं दवाखाना ठरलेला. मग एका मूत्ररोगतज्ज्ञांनी त्याला स्वतःच दर चार-पाच तासांनी बारीक नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर घ्यायची, हे शिकवलं. आईला धस्स झालं. दिवसातून पाच वेळा नळी घालायची तर जंतू पाचपट जाणार नाहीत का? मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडस यांनी १९७२ साली हेच दाखवलं होतं, की घरी साध्या धुतलेल्या हातांनी केलं तरी चालतं. मूत्राशय वेळच्या वेळी पूर्ण रिकामं होणं महत्त्वाचं. जंतूंना घर करायला आत काही उरतच नाही. तो मुलगा आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. नळ्या, जेली, साबण असं सगळं एका स्टीलच्या डब्यात, गल्ल्याच्या शेजारी. बेशुद्ध नसलेल्या, लघवी तुंबत नसलेल्या पण सांभाळता न येणाऱ्या पुरुषांसाठी बाहेरून लावायची कंडोम कॅथेटरही असते. म्हणजे "अंथरूण ओलं होतं" हे आतली नळी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. त्याला डायपर आहे, तासातासाला भांडं देणं आहे, माणसाचे हात आहेत.

आजींच्या घरी त्या दिवशी सुनेनं नेमकं तेच सांगितलं. "नळी काढली तर आत्याबाईंना संडासला कोण उचलून नेणार? मी एकटी. हे कामाला जातात." तिला मी काय बोलणार? ती खरंच एकटी होती. पहाटे साडेचारला उठत होती. नऊ आठवड्यांत तिनं आजींच्या अंगावर एक जखम होऊ दिली नव्हती. मी तिला तेच म्हणाले, आणि ती रडली.

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वॉकरवर उभ्या राहतात तर काढून टाका, आज संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर घेऊन या. भाच्याच्या घरून कमोडची खुर्ची आणली, ती खाटेला चिकटून ठेवली. शेजारणीनं दुपारचे दोन तास यायचं कबूल केलं, अंगारा देणारीच ती. मी सिरिंज लावून फुग्यातलं पाणी हळूहळू काढून घेतलं, सगळं आलं की नाही मोजलं, आजींना मोठा श्वास घ्यायला सांगितला आणि नळी बाहेर आली. आतल्या टोकाला पांढरी खर धरलेली, बोटानं चोळली तर वाळूसारखी कुरकुरत होती. मी ती सुनेला दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त बघत राहिली.

दुपारी एकपर्यंत लघवी नाही. पाणी देत राहिलो. मी दोनदा येऊन ओटीपोट पाहून गेले. पावणेतीनला फोन आला. "सिस्टर, झाली! खुर्चीवर झाली!" मागून आजींचा आवाज येत होता, "आगं, हळू बोल की, गल्लीला सांगतीस का?"

गणपतीच्या आधी सून घरी आली. मी पहिल्या दिवशी दिलेली साडीची पिशवी तिनं धुऊन, घडी करून आणली होती. आत चार पेरू होते. पिशवी मी दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेतल्या एका काकांकडे दिली. त्यांची नळी पुढच्या बुधवारी काढायची आहे, मी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं गोल करून आले.